दोन टोकांनी विणलेलं जाळं

सातपाटी, १६ सप्टेंबर १९९७

प्रिय वामनराव यांस बळवंतचा रामराम. (सोयरीक जुळेपर्यंत 'राव' लावणार. मोडली, तर होडीवरचा वामन्या आहेसच.) बोईसरच्या कारखान्यात बारा तास उभं राहून तुझा गुडघा काय म्हणतो ते कळव. इकडे जाळ्यांचं दुकान ठीक, मी ठीक. मंजुळेला डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतचा वायदा दिलाय, तुळशीच्या लग्नाचं नाव काढलं नाही. तिला आपल्या लेकीचं, हंसाचं आणि तुझ्या देवूचं लग्न डोळ्यांनी बघायचंय, म्हणून रविवारी काय बिनसलं ते लिहितो. देवूनं घरी सांगितलं नसणार.

पोरांना बोलायला आतली खोली दिली आणि मी बाहेर बसलो. (माझे कान तुला माहीत. नुसत्या इंजिनावरून होडी कुणाची ते सांगायचो.) लोकांची पोरं पगार विचारतात. ही दोघं मुंबईत शिकलेली, विश्व कशाचं बनलंय ह्यावर घसरली. देवू म्हणतो, मुळात बारीक तंतू, त्यांच्या थरथरण्यातून सगळं. हंसा म्हणते, थरथरतात ते कशात? जागा तुम्ही आयती धरता. आमच्यात जागाच फाशांनी विणलेली. मग कृष्णविवर निघालं. त्याच्या पोटात किती दडलंय ह्याचा हिशेब दोन्ही पंथांनी वेगळ्या वाटेनं केला आणि उत्तर एकच आलं म्हणे. मला वाटलं, आता तोंड गोड करतील. कसलं! तो म्हणतो, तुम्ही उत्तर बघून आकडा बसवता. ती म्हणते, तुमचा हिशेब ठरावीक विवरांनाच लागतो. पलीकडे खाटेवर मंजुळा कण्हत होती.

शेवटी मी फाटकं जाळं दोघांपुढे टाकलं. एकानं ह्या टोकाकडून, एकीनं त्या टोकाकडून विणत या, मधे भेटा. आसाचं, म्हणजे जाळ्याच्या एकेका भोकाचं, माप राखायला दोघांना दुकानातली एकेक बांबूची पट्टी दिली. तासभर नुसत्या सुया चालल्या. मधे आले तर देवूचे तीन आस जास्त! पुन्हा तेच, चूक तुझी, चूक तुझी. मी दोघांना झापलं. मंजुळेनं जाळं खाटेवर मागवलं, बोटांनी चाचपलं आणि म्हणाली, "पोरांना कशाला बोलताव? देवूची पट्टी झिजलीय, तीस वर्सं वापरताव तुमी. त्याचे दोन आस हिच्या एकात घ्या, तीन ठिकानी. बसतंय."

दोघं जाळ्यावर वाकली. मी मनात मुहूर्त धरला. तेवढ्यात देवूनं विचारलं, "पण माझेच दोन का?" आणि उमरोळीची गाडी धरून घरी गेला. तीन आस अजून उघडे आहेत.

तुझा,
बळवंत

ता. क. : देवूला येत्या रविवारी पाठव. लग्नाची तारीख घेऊनच पाठव. आईला नाही कोण म्हणेल?

ता. क. २ : पत्र मंजुळेला वाचून दाखवलं. म्हणाली, "वरचं खोडा. माज्या मरनाचा धाक घालून पोरीचं लगीन नको. भांडू दे त्यांना, बोलतात तरी. आन् ते तीन आस मीच बसवीन, बोटं हायत तवर." सुई मागितली. हातात धरवेना.

मी काही खोडलेलं नाही.