खंडेनवमीचं बटण

सर, परवा खंडेनवमी झाली. उरवड्याच्या आपल्या कारखान्यात यंत्रांना हार पडले. सर्व्हरला हार घालताना डिस्पॅचचे मामा नव्या पोरांसमोर मला म्हणाले, "बाई, यंदा बटनाला हात नगा लावू. मागं लई खोळंबा झाल्ता." सगळे हसले. मीही हसले. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमचं पाप अजून माझ्याच नावावर चालतंय.

त्या खंडेनवमीला बटण तुम्ही दाबलंत. हातात कुंकवाची वाटी, "आज यंत्राला विश्रांती," म्हणालात. मी "सर, थांबा, नोंदी चालू आहेत," म्हणेपर्यंत सर्व्हर बंद. पूजेनंतर चालू केला तर सर्व्हरमधलं मालाच्या नोंदींचं टेबल बिघडलेलं. दारात गाड्या भरून उभ्या आणि कुठल्याच मालाची नोंद सापडेना. मोठे साहेब गरजले, "कुणी बंद केलं?" तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. "बाई नवीन आहेत, कळलं नाही त्यांना." चोर सोडून संन्याशाला फाशी, वर समजूतदारपणाचा आव! घर माझ्या एकटीच्या पगारावर चालायचं. मी दोष अंगावर घेतला.

मग शेजारी खुर्ची ओढून तुम्ही दुरुस्ती शिकवलीत, तीही अगदी मन लावून. आधी सगळ्यांना सर्व्हरवरून बाहेर काढायचं, टेबलाची प्रत घ्यायची. धड ओळी नव्या टेबलात भरायच्या, आणि ओळी चटकन सापडाव्यात म्हणून लागणारे इंडेक्स सगळ्यात शेवटी, एकदाच बांधायचे. "तुम्ही गावाकडच्या ना? पोतं भरल्यावर तोंड शिवता, की मूठमूठ भात टाकून शिवत बसता?" संध्याकाळी गाड्या सुटल्या तेव्हा तुम्ही मला पेढा दिलात. तो मी खाल्ला, याचा मला अजून संताप येतो.

आज वीज गेली आणि तेच टेबल पुन्हा बिघडलं. पोरं इंडेक्स तसेच ठेवून एकेक ओळ भरत बसली होती. दर ओळीला इंडेक्स नव्यानं जुळत होता, काम पुढे सरकेना. मी त्यांना उठवलं, इंडेक्स काढले आणि तुमच्या पद्धतीनं सगळं केलं. जेवणाच्या सुट्टीआधी गाड्या बाहेर पडल्या. आताचे साहेब खूश होऊन म्हणाले, "बाई, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

तुमचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. "माझं मीच शिकले," म्हणाले.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. म्हणून सांगते सर, खोटं बोलून बरं वाटलं. पण ते घरी पोचेपर्यंतसुद्धा पुरलं नाही.