कोळसाबाईचं नाक

३ जून
आजकालची खोडरबरं खोडत नाहीत, पसरवतात. या नैतिक ऱ्हासावर दिग्रसच्या एकाही वार्ताहरानं लिहिलेलं नाही. वार्ताहर मीच आहे. लिहीन.
वणीच्या जेबा नावाच्या मुलीचं मोबाइलवर कॉमिक येतं. त्यातलं खाणीतलं भूत, कोळसाबाई, हुबेहूब काढून फेसबुकवर टाकलं. कलेला सीमा नसतात.

४ जून
जेबाचा मेसेज. 'काका, माही कोळसाबाई न विचारता कायले टाकली? नावबी नाही माहं. कॉपीराइट आहे.' उत्तर दिलं: हा घुणाक्षरन्याय. लाकूड पोखरताना किड्याकडून चुकून अक्षर उमटतं. किड्यावर दावा लागत नाही. प्रकरण मिटलं.
संध्याकाळी पोस्ट उडालेली.

६ जून
नवा पवित्रा: फेअर यूज. मूळ चित्रात आपली भर घातली की झालं. नाक बसकं केलं, हनुवटीवर तीळ दिला. सर्वस्वी माझी प्रतिभा. चित्र भिंतीवर लावलं. खोलीत जाईन तिकडे बघते. डोळे मी चांगले काढतो, म्हणून.

७ जून
शेजारचे अन्सारभाई चहाला आले आणि चित्रापुढे थांबले. चहा निवला. म्हणे, 'पंडितजी, हे कायचं भूत? हे तर आपली भाभी होय. तीळ पाहा ना!' माझ्या बायकोला, विमलला, जाऊन दोन वर्षं झाली आणि मी फॅन आर्टिस्ट आहे, हे त्यांना समजावलं. पटलं असावं. चहा न पिताच गेले.

९ जून
जेबाला नवं चित्र पाठवलं, सोबत सविस्तर युक्तिवाद, सात श्लोकांसह. तिची एक ओळ: 'यात माहं काहीच नाही राह्यलं काका, खुशाल टाका. पण हे बाई कोण होय?'
विजय! पोस्ट उद्या टाकू. नेट स्लो आहे.

१० जून
आता भुताची मदत न घेता सरळ विमलच काढायची. आधार कार्डावरचा फोटो कुणासारखाच नसतो. बाकी सगळ्या फोटोंत तिचा हात नाकावर. का, ते कधी विचारलं नाही. बसलो. कोळसाबाई आली. खोडली. पसरली. पुन्हा काढलं. पुन्हा तीच.

११ जून
भिंतीवरचं नाक बरोबर आहे ना, असं अन्सारभाईंना सहज विचारलं. म्हणाले, 'भाभी हासताना नाकावर हात धरे, पंडितजी. मी तर तीळच पाह्यला. नाक तुमालेच माहीत असन.'
खोडरबराची तक्रार मागे घेतो. दाव्याची भीती मला नव्हतीच. मला विमलचं नाक आठवत नाही.