गोलपोस्टाचा दुपट्टा

मॅनेजर काका, मी झोपली नाई. कालबी नाई, परवाबी नाई. माहं पोरगं झोपेत तुमच्यासारखं बोलून राहिलं, म्हून. मले लिवता जास्त येत नाई, सातवीतच शाळा सुटली. तुमी होते तेव्हा तुमच्यासमोर तोंड उघडाची हिंमत नव्हती. आता दुसऱ्या कोनाले सांगू तेच समजत नाई.

मी तुमच्या गोलीची बहीण. आपल्या वस्तीच्या टीमचा गोलकीपर, माहा मोठा भाऊ. मी लहान होती, ग्राउंडच्या भिंतीवर बसून मॅच पाहे. तुमी ओला दुपट्टा डोक्याले बांधून लाइनीजवळ उभे, अन् सारी मॅच एकच ओरडनं, "गोली, लाइन सोड." भाऊ भीतभीत पुढे ये, बॉल पाह्यला की पुन्हा मांगं जाय. एकदा तुमी घरी आले. आई भाकरी टाकून राहिली होती, तुमी तिथंच चुलीजवळ बसले अन् तिले इचारलं, पोराले भेव गोलचं हाये का माहं. आई म्हणे, तुमचंच. तुमी लय हासले, अन् भाकर मागून खाल्ली.

मंग ते मे महिन्यातली दुपार. प्रॅक्टिस संपली, पोट्टे घरी गेले, भाऊ एकटा जाळी सोडून राहिला होता. तुमी गोलाजवळ खाली बसले ते उठलेच नाई. ऊन लागलं म्हणे. लोकं धावत गेले तं भाऊ तुमचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. तुमी गेलेले होते. तुमाले खांद्यावर घेऊन आखरीचा एक राउंड ग्राउंडचा मारला. मॅचले जो ढोल वाजे तो पोट्ट्यायनं संगं नेला पन कोनी वाजवला नाई. सारी वस्ती डोक्याले ओला दुपट्टा बांधून, बायाबी. पलीकडच्या टीमचे लोकं चपला हातात घेऊन उभे. त्यातला एक म्हातारा रडत म्हणे, आता आमाले शिव्या कोन देईन. लोकं रडतारडता हासले.

पन दुसऱ्या दिवशीपासून सारे भावाले एकच इचारत. नळ समोर होता, पानी काहून नाई आनलं? टपरीवर चहा मागितला तं म्हणत, "तूच उठून घे गा, तुले तं उठाची सवय नाई." भाऊ हातमोजे वस्तीतच ठेवून खापरखेड्याले कामाले गेला. आता माह्या घरीबी येत नाई, मलेच तिकडे बोलावते.

तुमचा दुपट्टा पोट्ट्यायनं गोलपोस्टाले बांधला. दरवर्सी तुमच्या दिवशी जुना सोडतात, नवा बांधतात, अन् जुना गोलामांगं मातीत पुरतात. घरी कोनी नेत नाई. यंदा मी पोराले घेऊन उभी होती. त्याचं डोकं तव्यावानी तापलं होतं, अन् सोडलेला दुपट्टा बाजूच्या दगडावर पडला होता. मी तो नळाखाली ओला केला अन् त्याच्या डोक्याले बांधला. उन्हात लेकराचं डोकं उघडं कोनती माय ठेवते? टपरीवाली बाई म्हणाली, "अवं, तो नोको." तोवर गाठ बसली होती.

तवापासून पोरगं तो दुपट्टा काढू देत नाई. मी पुन्हा ओला केला नाई काका, खरं सांगते, तरी सकाळी उशी ओली राहते. भर दुपारी दारात उभा राहून ग्राउंडकडे पाहते, पापनी हालत नाई. झोपेत म्हणते, गोली, लाइन सोड. पयले मले वाटलं, हे तं अजूनबी सारेच म्हणतात, आयकलं असन. आई म्हणे आपन दीक्षा घेतलेल्या घरचे, भूतखेत मानत नाई, डॉक्टरले दाखव. दाखवलं. ताप नाई म्हणे. नवरा गाडीवर बाहेरगावी हाये.

मंग परवा तो उठून बसला. डोळे उघडे. मले पाहूनच म्हणाला, पन मले नाई म्हणाला.

"पानी नोको आनू. उठू नोको. इथंच बस माह्यापाशी."

हे वस्तीत कोनी म्हणत नाई. पोरगं चार वर्साचं हाये, कोनापासून आयकन? मंग तुमीच भावाले असं म्हटलं होतं का? म्हून तो उठला नाई का? तसं असन तं तो टपरीवर मान वर करून बसन. पन मंग माह्या बाजूले कोन झोपून राहिलं? काका, तुमाले जे सांगाचं होतं ते सांगून झालं. आता माहं लेकरू सोडा.

सकाळ झाली. तो झोपला तशी हळूच गाठ सोडली. दुपट्टा ओलाच हाये. आई पोराजवळ बसली हाये. मी जाऊन हा दुपट्टा पोस्टाले बांधते, अन् तुमच्या गावाले तं टपाल जात नाई, म्हून हा कागद गाठीतच ठेवते.

ज्याले सापडन त्यानं माह्या भावाले फोन करा. नंबर टपरीवाल्या बाईपाशी हाये. एवढंच इचारा, मॅनेजर आखरी काय म्हणाले होते. मीच केला असता, रातभर फोन हातात धरून बसली, पन लावला नाई. तो माह्या पोराचेच शब्द बोलला तं साऱ्या वस्तीले सांगजा. मले सांगू नोका.