दोन सीटच्या गाडीचा सायलेन्सर

३ फेब्रुवारी

काढावंच लागणार. अख्खं स्वरयंत्र! अर्धंमुर्धं ठेवून भागणार नाही म्हणे, गाठ पार खालपर्यंत गेलीय. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं — मानेत पुढे एक भोक, श्वास तिथून. वीस तारीख दिली. हिने शहाण्या विद्यार्थिनीसारखं सगळं टिपून घेतलं. मी एकच विचारलं, "मग बोलायचं कशानं?"

"आत छोटा व्हॉल्व्ह बसवतो. भोकावर अंगठा दाबायचा. आवाज पहिल्यासारखा नाही, पण येतो."

बावीस वर्षं जुन्या गाड्यांचे लिलाव पुकारतोय मी. पहिल्यासारखा नाही, पण येतो!

५ फेब्रुवारी

आवारात आज साठ गाड्या होत्या. अकराव्या गाडीला "एकवार, दोनवार" झालं आणि तिसऱ्या वेळी घशातून नुसती फुस्स हवा. समोरचे हसले. मॅनेजर म्हणाला, "थंड पिऊ नकोस रे." त्याला अजून काही सांगितलेलं नाही. कोणत्या तोंडाने सांगू?

घरी येऊन गाडीत बसून राहिलो. माझी लाल स्पोर्ट्स कार. आमच्याच आवारात तीनदा पुकारली होती, एकानेही बोली लावली नाही, शेवटी मीच घेतली. चार वर्षं एकेक भाग जमवून उभी केली. सायलेन्सर तेवढा गंजून चाळण झालाय. तेवढंच राहिलंय. वीस तारखेच्या आत ते करायचं. बाकी माझ्या हातात काय आहे?

८ फेब्रुवारी

सायलेन्सरवाल्याकडे गेलो. म्हातारा एका कानाने बहिरा. मी त्याला नळीवाला म्हणतो. त्याने बटणाचा दाखवला. "आतला व्हॉल्व्ह मिटला की गाय, उघडला की वाघ!" व्हॉल्व्ह हा शब्दच नको झालाय. म्हटलं, तो सोडून दाखव. स्टीलचा एक ऐकवला — रिकामं पिंप बडवल्यासारखा. मग दुसऱ्या गिऱ्हाइकाची गाडी चालू केली, टायटॅनियमची थेट नळी, आत आवाज अडवणारं काहीच नाही. बापरे! आवाज खर्जातून उठला आणि न चिरकता वर गेला. मी त्याला पुन्हा पुन्हा चालू करायला लावलं. पाचव्या वेळी तो म्हणाला, "साहेब, पेट्रोल दुसऱ्याचं आहे."

हाच हवा. पण मागवावा लागेल. तीन आठवडे!

९ फेब्रुवारी

हिला सांगितलं. हातातली उशी तिने पलंगावर आपटली. "गळा कापायचाय तुमचा, आणि तुम्ही नळ्या कसल्या बघत फिरताय!"

उत्तर होतं. द्यायला आवाज पुरला नाही.

११ फेब्रुवारी

पाणी गिळतानाही काच गेल्यासारखं होतं.

१२ फेब्रुवारी

हॉस्पिटलला फोन करून तारीख पुढे ढकलली. पंधरा मार्च. हिला बोललो नाही. नळी येईल, बसवून घेईन, एकदा मनसोक्त पळवेन, मग कापा काय कापायचं ते. खरं लिहू? पंधराला जाईनच असंही नाही. मुकं होऊन जगण्यापेक्षा — जाऊ दे.

१४ फेब्रुवारी

कळलं हिला. हॉस्पिटलवाल्यांनी खात्री करायला हिलाच फोन केला. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. काही नाही. गॅलरीत जाऊन बराच वेळ कुणाशी तरी बोलत होती. परत आली ती डोळे पुसून. "वीसच. मी पुन्हा घेतली. हातापाया पडून घेतली."

मी गाडीची किल्ली उचलली.

"दोन सीटची गाडी तुम्ही आणलीत," ती म्हणाली. "एक सीट रिकामी घेऊन मी काय करू?"

१६ फेब्रुवारी

नळीवाल्याला खरं काय ते सांगितलं. बाहेर सांगितलेला पहिला माणूस. तो हातातला पाना पुसत राहिला, पुसत राहिला. मग आत जाऊन टायटॅनियमचीच एक थेट नळी घेऊन आला. "दुसऱ्याची आहे. तो थांबेल. तुम्ही बरे होऊन या, मी घरी येऊन बसवतो."

बरे होऊन! लोक किती सहज बोलतात. सगळं किती सहज बोलतात!

२६ फेब्रुवारी

झालं ऑपरेशन. नाकात नळी, मानेत नळी.

शेवटचं वाक्य काय बोलायचं ते आठ दिवस ठरवत होतो. हिला काहीतरी चांगलं म्हणायचं होतं. प्रत्यक्षात नर्सला म्हणालो, "चपला कुठे ठेवू?" संपलं.

१० मार्च

नळीवाला येऊन बसवून गेला. चालू केली तेव्हा गल्लीतल्या खिडक्या पटापट मिटल्या. मी स्टिअरिंग धरून बसलो. गाडी गरजत होती. मी रडत होतो, आणि रडण्याचाही आवाज नाही. मानेतून नुसती घरघर. बंद केली. किल्ली हिच्याकडे टाकली.

१७ मार्च

बोलायला शिकवणाऱ्या बाई. "दाबा अंगठा, म्हणा आ." दाबला. सायकलच्या पंपातून निघावा तसला भस्सा! ही कौतुकाने टाळ्या वाजवायला लागली. चीड आली. पाटीवर लिहिलं — पुन्हा करणार नाही.

२४ मार्च

आवारात गेलो. मॅनेजरने टेबल दिलं, कागदपत्रं तपासायचं. बाहेर नवा माणूस पुकारत होता. वाईट नाही पुकारत. तेच लागलं.

३० मार्च

या वहीपुरता उरलोय.

५ एप्रिल

तपासणीला दोघं गाडीने निघालो. हिनेच किल्ली पुढे केली. रस्ता मोकळा होता, नळी नुसती गरजत होती. शेजारी ही खिडकीबाहेर बघत बसलेली. केवढी वाळलीय! दोन महिन्यांत माझं लक्षच नव्हतं. काय झालं कुणास ठाऊक, माझा अंगठा आपोआप मानेवर गेला.

"काय?" ती ओरडली. मी पुन्हा म्हटलं. "काय? ऐकू येत नाही! आणि हात स्टिअरिंगवर ठेवा आधी!" कान माझ्या तोंडाजवळ आणला, मग आणखी जवळ. तरी नाही. तिसऱ्यांदा "काय हो?" म्हणताना तिचा आवाज फाटला.

गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. एकदम शांत.

"तू जेवतेस का नीट?" भस्सा, पंप, काय म्हणायचं ते म्हणा. तिला ऐकू गेलं. तोंडावर पदर धरून रडली, मग हसली, मग म्हणाली, "नाही." आणि का नाही, ते सगळं सांगत बसली. मी मध्ये मध्ये बोलत होतो. तपासणीची वेळ टळून गेली.

६ एप्रिल

नळीवाल्याला फोन लावला. विचारलं, "तुझ्याकडे सगळ्यात गप्प सायलेन्सर कोणता?"

"कोण बोलतंय?"

अंगठा नीट दाबला. म्हटलं, "मी!"