तुझा दुसरा आवाज

माय,

परवा माझी लेक, तुझी नात, येऊन गेली. पन्नाशी ओलांडली तरी माझ्यासमोर लाजते. चहाचा कप हातात फिरवत, खिडकीबाहेर बघत तिनं सांगितलं की पाळी गेल्यापासून नवऱ्याजवळ जावंसंच वाटत नाही, बरीच वर्षं मन मारून झाल्यावर ती डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि त्यांनी एक जेल लिहून दिलंय. टेस्टोस्टेरॉनचं. पुरुषांना देतात त्याचा अगदी थोडा भाग, रोज मांडीला चोळायचा. मग तिनं खरा प्रश्न विचारला. आजीलाही हेच दिलं होतं ना? आजीला पस्तावा झाला होता का? तिला कोणी सांगितलं ते विचारू नकोस. भावकीत तुझी गोष्ट अजून सांगतात, फक्त सगळे ती चुकीच्या जागी सुरू करतात. ते सुरुवात करतात तुझ्या हनुवटीवरच्या केसांपासून. मी ती तुझ्या खोलीपासून सुरू करणार आहे, आणि या वयात मला कोण अडवतंय ते बघू.

धाड गावातल्या आपल्या घरात गोठ्याला लागून ती खोली होती. महिन्याचे चार दिवस घरातल्या बायका तिथं बसायच्या, पाचव्या दिवशी न्हाऊन घरात यायच्या. तुझा पाचवा दिवस येईनासा झाला. आधी आठवडा, मग पंधरवडा, मग एक महिना कधी संपला नि दुसरा कधी लागला तेच कळेना. न्हाऊन दोन दिवस चुलीपुढे बसलीस की पुन्हा तुझी पावलं खोलीकडे. अशी तीन वर्षं गेली. मी आठ वर्षांची आहे, हातात तुझं ताट आहे, ते उंबऱ्याशी ठेवून मला मागं सरकायचं आहे. तू हात बाहेर काढून ताट ओढून घेतेस, आणि तुझी नखं पिठात बुडवल्यासारखी पांढरी दिसतात. विहिरीकडे निघालीस तर वाटेतच टेकतेस. मोठी माय, म्हणजे तुझी थोरली जाऊ, मनानं वाईट नव्हती. तुझ्या वरणावर तूप ती सढळ हातानं वाढायची. पण शिवाशिवीत तिला कोणी नमवू शकत नव्हतं, आणि तुझ्या आजाराला ती आजार म्हणायला तयार नव्हती. बाईच्या जन्माला हे असतंच, असं म्हणून ती मोकळी व्हायची. बाबा तर काही म्हणायचेच नाहीत.

एका सकाळी तू खोलीतच भान जाऊन पडलीस तेव्हा बाबांनी दमणीला बैल जुंपले आणि तुला बुलढाण्याला नेलं. मलाही घेतलं, कारण तुझं डोकं मांडीवर धरायला कोणीतरी हवं होतं आणि माझे कपडे नंतर भिजवता आले असते. दवाखान्यातल्या डाक्टरीणबाई नगरकडच्या होत्या, त्यांचं बोलणं आपल्याला पुस्तकातल्यासारखं वाटायचं. काही विचारायच्या आधी त्यांनी तुझ्या कपाळावर हात ठेवला. तू रडायला लागलीस आणि बाबा बाहेर जाऊन उभे राहिले. पिशवीत गाठ आहे, असं निघालं. ती काढायला नागपूरला जावं लागेल, पण अंगात रक्तच इतकं कमी आहे की आज टेबलावर घेतलं तर बाई उठणार नाही. आधी वाहणं थांबवायचं, अंगात रक्त भरू द्यायचं, मग चिरायचं. लढाई नुकतीच संपली होती, औषधं दुर्मिळ होती, पण एक नवं इंजेक्शन त्या मागवू शकत होत्या. पुरुषाच्या शरीरात जे असतं तेच तेलात घालून दिलेलं. त्यांनी काही लपवलं नाही. मिसरूड फुटेल, तोंडावर पुटकुळ्या येतील, राग लवकर येईल, आवाज जाड होईल. केस पुढं कमी होतात, पण आवाज एकदा उतरला की पुन्हा वर चढत नाही. तुम्हाला हे होईलच असं नाही, आणि होणार नाही असंही मी सांगत नाही, असं त्या म्हणाल्या. गावात कोणाचंही लग्न असलं की हळदीचं गाणं तूच उचलायचीस, हे त्यांना कुठं माहीत होतं? तू एवढंच विचारलंस, "रक्त थांबीन?"

"बहुतेक थांबेल."

"मंग टोचा."

बाबांकडे तू पाहिलंसुद्धा नाहीस.

महिना-दीड महिन्यात रक्त थांबलं. तू घरात आलीस, चुलीपुढे बसलीस, भाकर थापलीस आणि माझ्या ताटात घालताना दुसरा हात माझ्या डोक्यावरून फिरवलास. पुन्हा फिरवलास. त्या दिवशी मी किती भाकरी खाल्ल्या देव जाणे. तुला भूक लागायला लागली. अंबाडीची भाजी नि ठेचा घेऊन बसायचीस आणि कोणी बघतंय का याची पर्वा न करता पोटभर जेवायचीस. पाण्याची घागर एकटीनं उचलायला लागलीस. राग मात्र नाकावर असायचा. एकदा दूध उतू गेलं म्हणून मला असा धपाटा घातलास की मी दिवसभर तुझ्याशी बोलले नाही. हेही लिहिते, कारण मला तुझी आरती ओवाळायची नाही.

मग शेजारच्या लग्नातली ती हळद. बायका तुझ्याकडे बघत थांबल्या, तू पहिली ओळ उचललीस, आणि वर जायचा तो आवाज मध्येच फाटला. तू खाकरलीस, पुन्हा उचललीस, पुन्हा तेच. कोणीतरी फिसकन हसली. दुसऱ्या कुणीतरी गाणं पुढं नेलं आणि तू शेवटपर्यंत मांडवात बसून राहिलीस, टाळ्यांचा ठेका धरत. तिथून उठून जाणं सोपं होतं. पण तू उठली नाहीस, आणि मला आजही त्याचा अभिमान वाटतो.

घरी आल्यावर मोठ्या मायनं विषय काढला. बाबांनाही तिनंच बोलावून घेतलं. पारावर लोक बाबांना विचारत होते की घरात आता कर्ते पुरुष किती झाले, ते त्यांना झोंबलं होतं. डाक्टरीणबाईंचा निरोप आलेला होता. आत्ता थांबलं तर आवाज आहे तिथंच राहील, आणखी उतरणार नाही, पण रक्त पुन्हा सुरू व्हायची भीती आहे. आणखी काही इंजेक्शनं झाली तर अंगात रक्त भरेल आणि नागपूरला जाता येईल. दोन्ही बाजू तुझ्यासमोर होत्या, आणि त्यांना मात्र एकच दिसत होती.

"बंद कर आता," मोठी माय म्हणाली. "बाईच्या जातीले हे शोभत नाई. लोकं काय म्हनून राह्यले, आयकतं का तू?"

तू कांदा चिरत होतीस. विळीवरून उठली नाहीस. त्या जाड, खरखरीत आवाजात, जो अजून तुझा तुलाच नवा होता, तू म्हणालीस, "बाई, तीन वर्सं त्या खोलीत होती मी. तवा कोनाले माह्या आवाजाची आठवन आली नाई. आता मी उठून बसली त तुमाले गानं पाह्यजे? मले जीव पाह्यजे. मी थांबत नाई."

बाबा म्हणाले की मग मी काही येणार नाही. तू म्हणालीस, नका येऊ. पुढच्या वेळी तू माझं बोट धरून सर्विस मोटारीनं गेलीस. मोटारीत मागच्या माणसानं तुझं बोलणं ऐकून, ओ भाऊ, जरा सरका, असं म्हटलं. तू नऊवारी सावरत मागं वळून, भाऊ नाई वहिनी हाव मी तुही, असं सांगितलंस आणि त्याचं तोंड बघून वाटभर हसलीस. इतकं मोकळं हसताना मी तुला आधी कधी पाहिलं नव्हतं. नागपूरला नेण्याच्या वेळी बाबा आले, निमूटपणे, तुझी वळकटी खांद्यावर घेऊन.

तिथं गाठ निघाली, आणि त्यानंतर तू वीस वर्षं जगलीस. खोली पाडून तिथं तू वांगी-मिरची लावलीस. हनुवटीवरचे केस विरळ झाले, उरलेले तू भर अंगणात आरसा धरून चिमट्यानं उपटायचीस, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून ख्यालीखुशाली विचारायचीस. माझ्या लग्नानंतर एकदा तूर निवडताना तू मला सांगितलंस की त्या औषधानं तुला पुन्हा नवऱ्याची ओढ लागली होती, आणि वर म्हणालीस, त्यात लाजाचं काय हाय? मीच लाजले. आणि पस्ताव्याचंही मी तुला विचारलं होतं. तू सूप खाली ठेवलंस. "आवाज गेला याचं वाईट वाटते. रोज वाटते. पन थांबली असती त वाईट वाटाले मी राह्यली नसती."

हे मी तुझ्या नातीला जसंच्या तसं सांगितलं. वर माझ्या पदरचं घातलं, की पोरी, तुझ्या जिवावर काही बेतलेलं नाही, आजीची गोष्ट वेगळी, तेव्हा मात्रा किती ते डॉक्टरला विचार, रक्त तपासत जा, आवाजात कणभर फरक वाटला तर त्याच दिवशी थांब. आणि काय परत येत नाही ते आधी नीट ऐकून घे. पण लोक काय म्हणतील या एका कारणासाठी सोडू नकोस. ती म्हणाली, आजीचा आधीचा आवाज कसा होता गं? मी म्हटलं, फार गोड.

हे पत्र मी कुठं पाठवणार नाही. तुझा पत्ता असता तरी पाठवलं नसतं, कारण ज्याच्यासाठी तू रोज हळहळलीस त्याबद्दलची ही एक गोष्ट तुझ्या कानावर जाऊ नये. गोड होता असं मी जन्मभर लोकांकडून ऐकत आले, मान हलवत आले. मला तो आवाज आठवत नाही, माय. डोळे मिटून कितीही ताण दिला तरी ऐकू येतो तो जाड, खरखरीत, जेवायला हाक मारणारा आवाज. आणि खरं सांगू, मला दुसरा नकोच आहे.