मनूची अर्धी दाढी

८ जाने. ८९, रवि.
मनूबरोबर सलूनला. नामदेवकाकांचं दुकान म्हणजे सक्करदऱ्याचं आकाशवाणी केंद्र. एकानं पेपर मोठ्यानं वाचायचा, बाकीच्यांनी मीठमसाला लावायचा. आज एड्सची बातमी. "वस्तऱ्यानंबी होते म्हणते." कोणी म्हणालं, गावाबाहेर ठेवा अशांना. काका म्हणाले, "पण हे लोक सांगत काहून नाही?"
मनू खुर्चीत, तोंडाला फेस. "पोटात कळ आली," म्हणून फेस पुसून उठला. मनूच्या रक्तात तेच निघाल्याचं रक्तपेढीचं पत्र येऊन महिना झाला. आम्हा दोघा भावांशिवाय कोणाला ठाऊक नाही.

११ जाने.
मनू आता सलूनला जाणार नाही. "माह्यापासून दुसऱ्याले झालं तं, दादा?" मग काकांना सांगू, म्हटलं. "अन् उद्या पूर्ण चौकाले समजन." खरं आहे. कळमेश्वरच्या कारखान्यात उजव्या हाताची बोटं गेली तेव्हापासून त्याची दाढी काकाच करतात. सलूनमधल्या त्या पेपर वाचणाऱ्यांचा भयंकर राग येतो.

१९ जाने.
दाढी वाढली. शेजारीण विचारते, नवस बोलला का? छप्पनच्या दीक्षेपासून आमच्या घरात नवस नाही. तरी हो म्हटलं.

२२ जाने., रवि.
आज मीच दाढी करायला घेतली. एक गाल झाला. हनुवटीला लागलं, थेंबभर रक्त. माझा हात झटकन मागे. मनूनं पाहिलं. टॉवेल स्वतः घेतला, डाव्या हातानं स्वतःच धुतला. "राहू दे, दादा."
आणि मी सलूनवाल्यांना शिव्या देत होतो. लाज वाटते.

२५ जाने., बुध.
तीन दिवस मनूच्या तोंडाला रुमाल. दात दुखतो म्हणे.
संध्याकाळी नामदेवकाका दारात. "काहून गा, पोरगा रुसला का माह्यावर?" मी दाताचं सांगायला लागलो, तोच मनू बाहेर आला. रुमाल सोडला. "बसा काका. सांगत काहून नाही, विचारलं होतं न तुम्ही? सांगतो."
सगळं सांगितलं. काका अर्ध्या दाढीकडे बघत बसले. चहा निवला. उठताना म्हणाले, "रविवारी ये. नवीन पत्ती आणून ठेवतो. पण सकाळीच ये, गिऱ्हाईक यायच्या पहिले."
मनू किती दिवसांनी पोटभर जेवला. गिऱ्हाइकांच्या आधी का? आमची अब्रू राखायला की स्वतःची गिऱ्हाइकं, कोण जाणे.
रविवारला चार दिवस आहेत. उद्या पेपर आणायला चौकात मलाच जायचंय; काका कोणाला बोलले असतील, तर तिथेच समजेल.