मानसिंगच्या नावाचं माडगं

मौजे पिंपळवाडी, म्हसवडनजीक
माघ वद्य पंचमी, शके १८६६

प्रिय लालासाहेब यास चिंतामण मास्तरांचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही ठीक. तुझी बहीण शालूबाई गुडघे सोडले तर बरी आहे. सांगलीकडे तुझ्या मळ्यात गुऱ्हाळ जोरात असेल. इथे माणदेशात वारा आणि धूळ, दोन्ही भरपूर.

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं! 'मानसिंगचं नाव घेऊन खातील तर खातील. नाव नको असेल तर माझं धान्यही नको.' झालं. मी तुला याच शाळेत निबंध लिहायला शिकवलं होतं रे, तारा ठोकायला नव्हे. तू समोर असतास तर कान धरला असता, मग तू सावकार असलास म्हणून काय झालं!

आधी थोडं माझं ऐकून घे. लढाईपायी मास्तर मिळेना म्हणून पेन्शनीत निघालेल्या मला पुन्हा बोलावलं, हे तुला ठाऊक आहे. पोरांना मी भुजंगप्रयाताची चाल लावून द्यायचो, तर दुसऱ्या चरणालाच आवाज बसायचा. मला वाटायचं, या पिढीला कवितेची गोडीच नाही. आमच्या वेळी कसं, अन् तुमच्या वेळी कसं, असं बडबडत बसायचो. मग दिवाळीला तुझे हुलगे आले, जोंधळा आला, गुळाच्या ढेपा आल्या. राहीबाईने शाळेमागे चूल मांडली. मधल्या सुट्टीत हुलग्याचं ऊन ऊन माडगं, वाटीभर, गूळ घातलेलं. महिना गेला नाही तोच तीच पोरं चारही चरण एका दमात म्हणू लागली. आढ्यातली चिमणी उडायची. उभा जन्म मी कविता शिकवली आणि ती पोटातून वर येते हे मला म्हातारपणी कळलं.

संक्रांतीला तू आलास. मानसिंगचा लष्करी पोशाखातला फोटो भिंतीवर लावलास, हार घातलास. पोरांना उभं करून म्हणालास, "रोज पहिल्या घासाआधी म्हणायचं, 'मानसिंगदादाच्या नावानं.'" पोरांनी म्हटलं. तू तोंड फिरवून उपरण्याने डोळे पुसलेस. इटलीतल्या कुठल्या मातीत आपला मुलगा गेला हे ज्याला ठाऊक नाही, त्याने एवढं मागावं यात गैर काय? मीही मान डोलावली. मलाही तो आठवत होता. आत्याकडे राहून इथे शिकायचा तेव्हा कविता म्हणताना डोळे मिटून घ्यायचा, आणि शेवटच्या ओळीला हळूच एक डोळा उघडून मी हसतोय का ते बघायचा.

त्या आठवड्यातच पंगत विरळ झाली. आता सोनाराची पोरं आणि तात्याबा कोतवालाची नात, एवढीच बसतात. बाकी सारी मधल्या सुट्टीत कुंपणापलीकडे उभी. ही दोन घरं सोडली तर या गावात घरटी एक गडी पलटणीत आहे, हे तुला मी सांगायला नको.

कृष्णाताची बायको रंगूबाई मला विहिरीवर भेटली. म्हटलं, "हौसाला का जेवू देत नाहीस?"

"आवं गुरुजी, मेलेल्याच्या नावानं घास घ्यायचा तो तेराव्याला. माझी लेक रोज तेरावं जेवती व्हय? तिचा बा तिकडं तोफंम्होरं उभा हाय."

"अगं, ते वीराचं स्मरण आहे."

"स्मरण करा की. माडग्यात कशाला घालताय?"

मागून कुणीतरी हसली. "ती 'नावानं'ची वळ गुरुजींनीच जुळवली आसंल. त्यास्नी जुळवायचा लय नाद हाय."

मी तापलो. मागच्या पत्रात तुला लिहिलं की या बाया अडाणी आहेत, तेव्हा नाव तेवढं गाळू. तू उलट त्या चार ओळींत मलाच गावाला फितूर ठरवलंस. इकडे हौसा कविता म्हणताना चुलीकडे मान वळवते आणि दुसऱ्या चरणाला पुन्हा आवाज खाली येतो. उरलेलं माडगं राहीबाई शेळ्यांना घालते. शेळ्यांना, लालासाहेब! त्यासाठी मी मामलेदार कचेरीच्या पायऱ्यांवर बसून धान्याचा परवाना आणला होता काय?

इथवर लिहून काल पत्र बाजूला ठेवलं. पुढचं लिहायला हात धजत नव्हता.

परवा राहीबाई भांडी घासता घासता म्हणाली, "गुरुजी, बायांवर लय तापताय. पर संक्रांतीपासनं तुमची वाटी मी कवा इसळली न्हाई."

"पित्त झालंय," मी म्हणालो.

"व्हय. साऱ्या गावालाच पित्त झालंय."

आता सांगतो. दिवाळीपासून माझ्या गोपाळकृष्णाचं पत्र नाही. ब्रह्मदेशात आहे, बिनतारी खात्यात, एवढंच मला माहीत. भूगोल शिकवणारा माणूस मी, पण हल्ली त्या नकाशाची गुंडाळी सोडत नाही. तुला सांगितलं नाही, कारण तुझं सगळं होऊन गेलेलं. तुझ्यापुढे माझी काळजी कोणत्या तोंडाने मांडू? सोवळं मी केव्हाच सोडलं होतं, राहीबाईच्या हातचं माडगं दिवाळीपासून रोज प्यालो होतो. पण संक्रांतीनंतर पोरांनी तुझ्या मुलाचं नाव घेतलं की वाटी माझ्या ओठांपाशी अडायची. ज्या बायांना मी अडाणी म्हणालो, त्यांच्याआधी मीच पंगतीतून उठलो होतो.

म्हणून आज सगळ्या आयांना शाळेत बोलावलं. पंगतीत मांडी घातली, मानसिंगचं नाव मोठ्याने घेतलं आणि वाटी संपवली. चव काही लागली नाही. म्हटलं, "पाहिलंत? माझाही मुलगा तिकडेच आहे."

मग रंगूबाई जवळ आली. मघाशी तिच्या तोंडात पदर होता, तो काढून हळू म्हणाली, "गुरुजी, तुमी तुमच्या ल्येकावर बेतून घेतलं. तुमची छाती मोठी. पर माझ्या मालकावर मी न्हाई बेतून घ्यायची." आणि हौसाचा हात धरून निघून गेली. बाकीच्या तिच्यामागे.

यावर तुला उत्तर सुचत असेल तर कळव. नसेल सुचत, तर ऐक. फोटो भिंतीवर राहू दे. पोरांना मानसिंग कोण होता ते मी वर्गात सांगेन, तो एक डोळा उघडून बघायचा तेही सांगेन. ती ऐकतील आणि हसतील. पण त्यांच्या घासावर त्याचं नाव नको. तुला वाटेल, इथूनही तो पुसला गेला. तुला तसं वाटणार हे कळतंय, तरीही मागतोय. ही लढाई संपेपर्यंत तरी या बायांना तुझ्या दुःखाचा वाटा उचलायला लावू नकोस. त्यांच्या पदरी त्यांचं आहे.

पोती तळाला गेली आहेत. माझ्यावर रागाव, दोन शिव्या दे, वाटलं तर पुन्हा चार ओळींचंच पत्र लिही. पण ते गाडीवानाच्या हाती दे, आणि गाडी भरलेली असू दे.

आज संध्याकाळी टपालवाल्याची घंटा वाजली तेव्हा मी शाळेचं दार लोटून आत बसलो. तो पुढे निघून गेल्यावर बाहेर आलो. उद्याही तसाच बसेन बहुतेक.

तुझा मास्तर,
चि. गोपाळकृष्णाचा बाप,
चिंतामण